गिरीजचं ऊन आणि मामांचं प्रेशर

जगात आजवर जेवढी म्हणून विधानं केली गेली असतील, त्यांतल्या एकालाही आमच्या मामांनी पहिल्या फटक्यात मान्यता दिलेली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना साधारणपणे मान्य आहे. पण हा 'साधारणपणे' त्यांनी स्वतः घातलेला आहे, आणि तो वगळून कुणी ते वाक्य त्यांच्यासमोर उच्चारलंच, तर उत्तरायण, दक्षिणायन आणि भूगोलाचं पुस्तक लिहिणाऱ्यांचा आळस अशा सगळ्या विषयांवर ऐकून घ्यावं लागायचं. "काय उकडतंय हो आज," असं म्हणत कुणी त्यांच्या ओट्यावर टेकलं, की मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "उकडत नाहीये. वारा पडलाय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत." बिचारा पाहुणा घाम पुसत माघार घ्यायचा, "बरं, वारा पडलाय." त्यावर मामा, "अगदीच पडलाय असंही नाही. नारळाच्या झावळ्यांची टोकं बघा जरा." मामा आहेत, चांगले आहेत, परवाच मी त्यांना भेटून आले. तरीही मी 'म्हणायचे' असं लिहिते आहे, आणि लिहिताना मला फार वाईट वाटतंय.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. वसईजवळ गिरीजला त्यांची वाडी आहे; केळी, नारळ, थोडी भाजी, मागच्या अंगाला बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं लहानसं तळं, आणि पुढे तो ओटा. हयातभर त्यांनी शाळेत भूमिती शिकवली आणि त्या विषयाने त्यांचं कायमचं नुकसान केलं, असं मामीचं मत आहे. 'सिद्ध कर' हे वर्गात ठीक असतं. बायको "मीठ संपलंय" म्हणाली तर तिथे ते चालत नाही. मासळीवाली दारात टोपली उतरवून "मास्तर, पापलेट एकदम ताजा हाय" म्हणाली, की मामा वाकून पापलेटच्या डोळ्यांत बघायचे आणि निकाल द्यायचे, "ताजं नाही. दमलेलं आहे." शिळं म्हणणाऱ्याला तिने सात पिढ्यांचा उद्धार करून परत पाठवलं असतं, पण दमलेल्या माशाला काय उत्तर द्यायचं, हे तिला अखेरपर्यंत सुचलं नाही. त्यांच्या लग्नाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. फादरनी वेदीसमोर नेहमीचा प्रश्न विचारला आणि मामा गप्प राहिले. सगळं चर्च चिडीचूप. मामीच्या वडिलांनी बाकाची कड घट्ट धरली. पुष्कळ वेळाने मामांच्या तोंडून "होय" बाहेर पडलं. नंतर त्यांनी खुलासा केला, की नवरीबद्दल शंका नव्हती. पण फादरनी एका दमात दोन-तीन प्रश्न विचारले होते, आणि त्या सगळ्यांना मिळून एकच 'होय' पुरेल का, हे ते मनाशी तपासून बघत होते.

आम्ही भाचरं सुट्टीत वाडीवर जायचो, तेव्हा मोठी माणसं आमच्या बडबडीला नुसतं 'हं, हं' करायची. मामा तसं कधी करत नसत. चंद्र आपल्याबरोबर चालतो, असं मी एकदा त्यांना सांगितलं, तर हातातली कोयती खाली ठेवून त्यांनी माझ्याशी संध्याकाळ होईपर्यंत वाद घातला. मी रडकुंडीला आले, पण त्या दिवशी आपण कुणीतरी आहोत, असं मला पहिल्यांदा वाटलं. पुढे मोठी झाल्यावर मी त्यांना विचारलं होतं, की तुम्हाला सगळ्यांशी भांडायला का लागतं? ते म्हणाले, "बाय, ज्याचं आपल्याला पटतं त्याचं आपण ऐकतच नाही. नुसती मान हलवतो. विरोध करायचा तर समोरच्याचं नीट ऐकावं लागतं." हे मात्र मला पटलं, आणि मी मान हलवली.

अशा माणसाला रक्तदाब असणार, हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे. आमच्याकडे रक्तदाबाला कुणी रक्तदाब म्हणत नाही, प्रेशर म्हणतात. आणि मामांना आपल्या प्रेशरचा चक्क अभिमान होता. "या घरात माझं प्रेशर तेवढं कुणापुढे खाली आलं नाही," असं ते पाहुण्यांना सांगत. मी भूलतज्ज्ञ झाले, लग्न होऊन विरारला चंदनसारला राहायला गेले, आणि पहिल्या पगारात त्यांना प्रेशर मोजायचं यंत्र नेऊन दिलं. ही माझी भेट त्यांनी वादाला नवा गडी मिळाला अशा आनंदाने स्वीकारली. आधी उजव्या हातावर मोजायचं, मग डाव्या, आणि दोन्हींत फरक आला की "डावा खोटं बोलतोय" असं म्हणून पुन्हा उजव्याची साक्ष काढायची. मामी रोज सकाळी चहाबरोबर प्रेशरची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि ती पोटात जाईपर्यंत समोरून हलायची नाही. विशेष म्हणजे त्या गोळीवर मामांनी कधी चकार शब्द काढला नाही. आयुष्यात त्यांनी निमूट मान्य केलेली ती एकमेव गोष्ट होती, आणि नेमक्या त्या निमूटपणानेच पुढे आम्हाला घाम फोडला.

पण मामांचं खरं भांडण एकाच माणसाशी होतं. बाकी सगळे नुसते सराव सामने. तो माणूस म्हणजे अर्नाळ्याचे सर. मामांच्याच शाळेत ते कवायत आणि खेळ शिकवायचे. कोळीवाड्यातलं घर, खणखणीत आवाज आणि बोलताना दोन्ही हात हवेत. दोघं निवृत्त झाले, पण रविवारचा नेम सुटला नाही. मामा चर्चमधली मिस्सा आटोपून घरी येईपर्यंत सरांची स्कूटर वाडीच्या तोंडाशी लागलेली असायची. सर येताना सुक्या बोंबलांची पिशवी आणायचे आणि जाताना मामीने केलेली सुकेळी घेऊन जायचे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची मधासारखी सुकेळी होते, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वाद त्यावरूनच सुरू झाला होता. मामांचं म्हणणं, गिरीजचं ऊन नारळाच्या झावळ्यांतून गाळून येतं, म्हणून इथली सुकेळी मऊ राहते. असं ऊन जगात दुसरीकडे नाही. सरांचं म्हणणं, "गाळलेल्या उन्हात भूत तरी सुकंल काय? ऊन बघायचं तर अर्नाळ्याला ये. समुद्रावरून धावत येतं. बोंबील दोरीवर टांगला की त्याला पानी सोडावंच लागतं!" वर्गात अगदी शुद्ध बोलणाऱ्या सरांचं बोलणं वाद तापला की असं कोळीवाड्यात शिरायचं, आणि ते तिथे शिरलं की मामा खूश व्हायचे, कारण आता खरी सुरुवात झाली. असं हे दोन गावांच्या उन्हाचं भांडण वर्षानुवर्षं चालू होतं. सूर्य एकच आहे, हे दोघांनाही मान्य नव्हतं. मामी मधेमधे चहा आणून ठेवायची आणि गल्लीतले लोक म्हणायचे, आवाज आला, आज रविवार दिसतो.

गेल्या वर्षी नाताळाच्या आधीच्या एका रविवारी सर एक नवा मुद्दा घेऊन आले. आठवडाभर त्यांनी तो घासूनपुसून ठेवला असावा. मामांचं झावळ्यांचं पुराण त्यांनी शांतपणे पुरतं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "मास्तर, गाळलेलं ऊन एवढं चांगलं, तर तू पावसाळ्यात सुकेळी का नाय करत? तेव्हा तर ढगातून गाळून येतं. अजून मऊ होईल!" मामांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. तरी नाही. सर क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांना जो आनंद झाला, तो मामी अजून डोळ्यांत पाणी आणून सांगते. ते ओट्यावरून उडी मारून अंगणात उतरले, दोन्ही हात वर करून मैदानात आपल्या संघाचा गोल झाल्यासारखे नाचले आणि ओरडले, "हरला! वहिनी, बाहेर या, मास्तर हरला!" मामी हात पुसत बाहेर आली, तीही हसत होती. तेवढ्यात मामांच्या उजव्या हातातून कप निसटला आणि त्यांचं तोंड एका बाजूला उतरलेलं दोघांनाही दिसलं.

थोड्या वेळाने सगळं जसं गेलं तसं परत आलं. हात उचलला जाऊ लागला, तोंड सरळ झालं, आणि बोलता येताच मामांचं पहिलं वाक्य होतं, "मी हरलो नव्हतो. शब्द अडकला होता." हे वाक्य ज्यांच्यासाठी होतं ते सर पायरीवर डोकं धरून बसले होते.  त्या दिवशी सुकेळीची पिशवी ओट्यावर तशीच राहिली, आणि त्यानंतरच्या रविवारी स्कूटर आली नाही.

तपासण्या झाल्या. मानेच्या डाव्या बाजूने मेंदूकडे रक्त नेणारी मोठी वाहिनी आतून चुन्यासारख्या थराने जवळजवळ बुजली होती. झाला तो अर्धांगाचा झटका नव्हता, झटक्याची पूर्वसूचना होती. खरा झटका आला असता तर आधी मामांचा उजवा हात गेला असता आणि त्याबरोबर वाचा. वाहिनी उघडून आतला थर काढून टाकायचं ऑपरेशन ठरलं. मामांची वाचा जाणार की राहणार, हा आता सगळ्या घराचा घोर होऊन बसला होता. मामा स्वतः मात्र वेगळ्याच गोष्टीने भडकले होते. वाहिनी साफ करताना ती काही वेळ चिमटा लावून बंद ठेवतात. तेवढ्या वेळात मेंदूच्या त्या भागाला दुसऱ्या बाजूने येणाऱ्या रक्तावर भागवावं लागतं. म्हणून त्या वेळी प्रेशर जरा चढंच ठेवायचं, उतरू द्यायचं नाही. मी त्यांना वाडीच्या भाषेत सांगितलं, की एक पाट बंद केला तर लांबच्या वाफ्याला पाणी पोचवायला पंपाला जोर लागतो, तसं. मामा म्हणाले, "पंपाचं कळलं. पण आयुष्यभर तुम्ही सगळे माझ्या मागे लागलात, प्रेशर कमी करा, प्रेशर कमी करा. मीठ काढलंत, लोणचं लपवलंत. आणि आता म्हणता कमी होऊ द्यायचं नाही. आधी तुमचं आपसात ठरवून या."

आपल्या माणसाला आपण स्वतः भूल द्यायची नाही, असा आमच्यात संकेत आहे. म्हणून ती जबाबदारी आमच्या भूल विभागाच्या थोरल्या मॅडमनी घेतली. त्यांनी ठरवलं, की नुसती मान बधिर करायची आणि माणूस जागा ठेवायचा. जागा माणूस बोलत राहिला, उजवा हात हलवत राहिला, की मेंदूला रक्त पोचतंय हे त्याच्या तोंडूनच कळतं. मॅडम मला म्हणाल्या, "तू त्यांच्या तोंडाशी बस आणि त्यांना बोलतं ठेव. जमेल ना?" मी म्हटलं, मॅडम, या माणसाला गप्प कसं ठेवायचं ते विचारलं असतं तर अडचण होती. मामांच्या उजव्या हातात, दाबलं की आवाज करणारं रबराचं एक बदक दिलं होतं. त्यांनी ते एकदा दाबून बघितलं आणि म्हणाले, "बदक असं ओरडत नाही."

हिरव्या कापडाच्या आडोशाखाली मी आणि मामा अगदी तोंडासमोर तोंड करून होतो, ते आडवे आणि मी बसलेली. पलीकडे सर्जनचं काम चालू होतं. सुरुवातीपासूनच प्रेशर हळूहळू उतरायला लागलं. मॅडमनी सलाइनचा जोर वाढवला, तरी ते म्हणावं तसं सावरेना. त्या पुटपुटल्या, असं का होतंय? मामांना कापडाखालून ऐकू गेलं. "का म्हणजे? गोळी घेतलीय ना मी सकाळी," ते अभिमानाने म्हणाले. मॅडमचे डोळे मास्कवर मोठे झाले. त्या दिवशी प्रेशरची गोळी द्यायची नाही, असं आम्ही कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. पण मामीचा जीव राहिला नाही. एवढं मोठं ऑपरेशन, आणि आजच प्रेशरची गोळी नाही? नर्सबाई विसरली असेल, असं समजून तिने पाकिटातली त्यांची गोळी काढली आणि नेहमीसारखी त्यांच्या तळहातावर ठेवली. शाळेचे मुख्याध्यापक, फादर, मासळीवाली, सगळ्यांशी भांडलेल्या माणसाने ती घोटभर पाण्याबरोबर निमूट गिळली. मामीवर रागवावं तरी कसं? त्या गोळीनेच तिने त्यांना इतकी वर्षं जपलं होतं.

मॅडमनी प्रेशर चढवणारं औषध पंपाने थेंबाथेंबाने सुरू केलं. ते सावरतंय तोवर सर्जनचा हात वाहिनी जिथे दुभंगते त्या जागी पोचला. तिथे शरीराने प्रेशर जोखण्याची स्वतःची एक जागा ठेवलेली असते. तिला धक्का लागला की तिचा समज होतो, प्रेशर फार चढलंय, आणि ती हृदयाला हळू चालायला सांगते. मॉनिटरच्या ठोक्यांमधलं अंतर वाढलं. मॅडम म्हणाल्या, "हात थांबवा." सर्जन थांबले, त्या जागेवर बधिर करणारं औषध सोडलं, आणि ठोके पुन्हा जवळ आले. मग चिमटा लागला. आता माझं काम. मी मामांना म्हटलं, मामा, फणस हे फळ नाही, भाजी आहे. त्यांनी ते खोडून काढलं. वसईपेक्षा विरारची हवा चांगली. तेही खोडलं, आणि त्यात माझ्या चंदनसारच्या फ्लॅटच्या गच्चीचीही शोभा केली. बदक दर वाक्याला ओरडत होतं. मी शेवटी हुकमी पान काढलं. म्हटलं, मामा, खरं सांगू? अर्नाळ्याचं ऊन गिरीजपेक्षा चांगलं आहे.

मामा हळू आवाजात म्हणाले, "असेलही बाय."

 या माणसाने एकदा तरी कशाला तरी हो म्हणावं, म्हणून घरातल्या सगळ्यांनी आयुष्यभर देव पाण्यात घातले होते, आणि आता तो हो ऐकून मला रडू फुटत होतं. मी ओरडले, मॅडम, हे बरोबर नाही. बदक गप्प होतं. प्रेशर पुन्हा घसरलं होतं. मॅडमनी औषधाची मात्रा वाढवली, सर्जननी मेंदूला तात्पुरतं रक्त पोचवायची नळी मागवली. मी मामांच्या कानाशी तोंड नेऊन तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, अर्नाळ्याचं ऊन चांगलं, मामा, अर्नाळ्याचं चांगलं. आकडा चढायला लागला. बदकाने आधी एक अर्धवट आवाज काढला, मग पुरता. आणि कापडाखालून मामांचा आवाज आला, "काय म्हणालीस? कुणाचं ऊन? पुन्हा बोल!" सर्जन म्हणाले, "नळी राहू द्या." पुढचा सगळा वेळ मामा त्या उन्हावर बोलत होते आणि मॅडम आकड्यावर डोळे ठेवून मला सारखं सांगत होत्या, चालू ठेव, चालू ठेव.

ऑपरेशन चांगलं झालं. वाचा राहिली, हात राहिला, जखम भरली. सुरुवातीचे काही दिवस आता प्रेशर चढू द्यायचं नव्हतं, म्हणून मामीने घरात कडक शांतता पाळली. तेही दिवस सरले. मामा ओट्यावर बसायला लागले. रविवारी मिस्साहून आले की ते कपडेही न बदलता वाडीच्या तोंडाकडे बघत बसायचे. स्कूटर येत नव्हती. "हरण्याच्या भीतीने येत नाही तो," असं ते मला सांगायचे, पण सांगताना नजर रस्त्यावरून काढत नसत. अखेर मीच अर्नाळ्याला गेले. सर किनाऱ्यावर बोंबलांच्या दोऱ्यांपाशी बसले होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की वाहिनी कित्येक वर्षांपासून बुजत होती, तुमच्या भांडणाने काही झालेलं नाही, आता तुम्ही खुशाल भांडा. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "पटलं मला डॉक्टरीन बाय. भांडनानं काय नाय झालं. पन त्याचं तोंड वाकडं होत होतं, आनि मी नाचत होतो. ते मी काय करू?"  वाळूवर माश्या घोंगावत होत्या आणि ते हाताने त्या उगाच वारत राहिले.

पुढच्या रविवारी ते आले. बोंबलांची पिशवी मामीच्या हातात दिली, ओट्यावर बसले. मामांचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं, सगळं ठीक होईल. त्यांनी वेळ न दवडता सुरुवात केली, "गिरीजसारखं ऊन जगात नाही." सर म्हणाले, "नाहीच." मामा चपापले. त्यांनी बोंबलावर घसरून बघितलं, अर्नाळ्याच्या बोंबलाला आता चव राहिली नाही म्हणाले. सर म्हणाले, "पूर्वीसारखा नाही राहिला खरा." एकही शब्द कोळीवाड्यात शिरत नव्हता, वर्गात बोलल्यासारखं सगळं शुद्ध. शेवटी मामांनी जे कधी केलं नसतं तेही केलं. स्वतःची बाजू सोडून ते म्हणाले, "तसं अर्नाळ्याचं ऊनही वाईट नाही." सर घाईघाईने म्हणाले, "दोन्हीकडचं चांगलंच आहे, मास्तर." मग त्यांनी चहा संपवला, तब्येतीला जप म्हणाले आणि गेले. मामा स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "त्याला काही झालंय का गं? एकदा तपासून ये. मला सांगायचा नाही तो."

मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. सर अंगणात कसे नाचले आणि ते त्यांना कसं विसरता येत नाही, तेही. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "त्याला निरोप दे. म्हणावं, त्या दिवशी तू नाचत होतास तेव्हा मला काही झालं नव्हतं. ते नंतर झालं. आधी मी हरलो होतो. त्या ढगांच्या मुद्द्यावर मला उत्तरच नव्हतं."  मामांनी आयुष्यात कबूल केलेली ती पहिली हार होती आणि ती धडधडीत खोटी होती.

मी अर्नाळ्याला जाऊन निरोप दिला. सरांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "खोटं बोलतो तो," ते म्हणाले. "उत्तर होतं त्याच्याकडं. झावळीनं ऊन गाळून येतं, ढगानं ऊन अडतं. एवढं साधं त्याला सुचलं नसंल काय? तो कसा हरंल?" हे मी गिरीजला येऊन सांगितलं, तर मामा उसळून म्हणाले, "काही अडत नाही ढगाने! त्याचाच मुद्दा बरोबर होता, सांग त्याला." तेव्हापासून मी असे निरोप नेते आणि आणते. मामा सरांची बाजू लावून धरतात, सर मामांची, आणि दोघंही मागे हटायला तयार नाहीत. समोरासमोर मात्र यातलं ते अवाक्षर काढत नाहीत. रविवारी स्कूटर येते, दोघं ओट्यावर शेजारी बसून चहा पितात, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. इतकी शांतता असते, की मामी मधूनमधून दारातून डोकावून बघते, दोघं बसलेत ना म्हणून.